नंदू पुढे वाजवत होता, माझ्या दातात पेस्ट होती

ज्या दिवशी माझ्या पुढच्या दातात पहिल्यांदा औषध भरलं, त्याच दिवशी दुपारी माझा धाकटा भाऊ माझी टोपी घालून बँडच्या पुढे उभा राहिला. दात किती दुखला ते आता नीट आठवत नाही. टोपी आठवते.

मी दत्तू, देवळाली प्रवराचा. वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतोय, त्यातली पंधरा पुढच्या जागेवर. दाताचं दुखणं संपल्यावरही मी दवाखान्यात तपासणीला जायचो आणि बाकावर बसलेल्या माणसांना माझी कहाणी ऐकवायचो. शेवटी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "दत्तूभाऊ, हे सगळं लिहून काढा आणि इथं ठेवून जा. मला जरा शांतपणे काम करू द्या." म्हणून लिहितोय. ज्यांच्या दातात औषध भरून ठेवलंय आणि जे 'आता पुढं काय' म्हणून बसलेत, त्यांनी वाचावं. मी केलं ते करू नये, एवढंच.

*

आठ वर्षांपूर्वी कोल्हारला एका लग्नात मी बँडच्या टेम्पोतून उतरत होतो. मागच्या फाळक्याची कडी सुटली आणि फाळका थेट तोंडावर आला. वरचा पुढचा डावा दात हलला, पण पडला नाही. चार दिवसांनी घट्ट बसला. मग वर्षा-दोन वर्षांत पिवळा झाला, नंतर राखेच्या रंगाचा. दुखत नव्हता. दुखत नाही म्हणजे चांगला आहे, असा माझा हिशेब.

ह्या दिवाळीनंतर त्याच दाताच्या वर हिरडीवर फोड आला. दाबला की पू यायचा, चव अशी की जेवण नको वाटायचं. तुळशीचं लग्न झालं, लग्नांच्या सुपाऱ्या येऊ लागल्या आणि माझ्या वरच्या ओठाला सूज आली. बायको सुरेखा म्हणाली, "आवो, हे हळदीचं काम न्हाई. नगरला चला." उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून धक्के खात आम्ही एसटीने नगरला, सावेडीतल्या दवाखान्यात गेलो. प्रत्येक खड्ड्याला दात आपली हजेरी लावत होता.

मॅडमनी दाताचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर दाखवला. मुळाच्या टोकाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा डाग होता.

"ह्या दाताची नस केव्हाच मेलीय," त्या म्हणाल्या. "आत जंतू साचलेत. त्यांनी टोकाजवळचं हाड खाल्लंय."

"मग काढून टाका."

"काढता येईल. खोटा बसवता येईल. तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं. क्लॅरिनेटचं टोक वरच्या पुढच्या दोन दातांवर टेकतं. खालचा ओठ आत वळवायचा, वरचे दात टेकवायचे आणि फुंकायचं. सगळा जोर तिथं. मॅडमनी खुर्ची माझ्याकडे ओढली.

"खोट्या दातावर तुम्हाला पूर्वीसारखं वाजवता येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. हाच वाचवायचा प्रयत्न करू. पण एका बैठकीत होणार नाही. आत औषध भरून ठेवावं लागेल. काही आठवडे, कदाचित महिने. आणि तोपर्यंत वाजवायचं नाही."

लग्नसराई तोंडावर आलेली. मी सुरेखाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मॅडमकडे पाहून मान डोलावली. तिचं ठरलं म्हणजे ठरलं.

*

पहिल्या भरणीचं थोडं सांगतो, कारण लोकांना त्याचीच भीती असते. इंजेक्शन टोचलं, नाक बधिर झालं. तोंडावर निळं रबर ताणून बसवलं, फक्त तो एक दात बाहेर. मागच्या बाजूने त्याला भोक पाडून बारीक सुयांनी आतली घाण काढली, पाण्याने धुतलं. दुखलं नाही. वास मात्र आला आणि तो आपलाच आहे ह्याची लाज वाटली.

मग मॅडमनी एका बारीक नळीतून पांढरी पेस्ट आत सोडली.

"माझ्या सुया सरळ वाटेने जातात," त्या म्हणाल्या, "पण जंतू कानाकोपऱ्यात लपतात. तिथं ही पेस्ट पोचते. हळूहळू जंतू मारते, पू आटवते, हाडाला भरून यायला सवड देते. वरचं झाकण तात्पुरतं आहे, ते मात्र टिकलं पाहिजे. लाळ आत गेली की पेस्ट वाहून जाते आणि सगळं वाया."

मी आरशात पाहिलं. पांढरंशुभ्र, ओलसर. "मॅडम, हा तर चुना."

त्या हसल्या. "घराणं चुन्याचंच. पण तुमच्या डबीतला नव्हे हां."

मी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. माझी ही जुनी खोड आहे.

बाहेर बाकावर एक मास्तर बसले होते. त्यांच्या दाढेचं काम एका दिवसात संपलं होतं. "मला काय, एकाच सीटिंगमध्ये मोकळा केला," असं ते तीनदा म्हणाले. त्या माणसाने माझं काही वाकडं केलं नव्हतं, पण त्याची दाढ संध्याकाळपर्यंत ठणकावी असं मला मनापासून वाटलं.

*

आता नंदूचं.

नंदू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याला क्लॅरिनेट मीच धरायला शिकवलं. तो माझ्या उजव्या हाताला उभा राहून वाजवायचा, मी वर तर तो खाली, मी थांबलो की तो थांबायचा. आमच्या बँडमध्ये पुढच्या माणसाला लाल टोपी असते, पिवळ्या तुऱ्याची. बाकीच्यांना निळ्या. आणि एक रीत आहे. पुढच्या माणसाने वाजवता वाजवता आपल्या क्लॅरिनेटचं तोंड ज्याच्याकडे वळवलं, त्याने पुढचं कडवं एकट्याने वाजवायचं. बाकीचे गप्प. तो मान असतो. पंधरा वर्षांत मी ट्रंपेटवाल्याकडे वळवलं, सॅक्सोफोनवाल्याकडे वळवलं. नंदूकडे एकदाही नाही. का नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं. त्याचा श्वास माझ्यापेक्षा लांब आहे.

मी घरी बसलो आणि बँडच्या मालकांनी लाल टोपी नंदूला दिली. ती त्याला मोठी होत होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून बघतो तर सुरेखा ओसरीवर बसून टोपीला आतून चूण घालत होती.

"हे काय चाललंय?"

"भाऊजींच्या डोळ्यांवर येती टोपी. चूण घातली की बसंल नीट."

मी आत जाऊन कोमट पाण्याने चूळ भरली. पण त्या सुईचा प्रत्येक टाका मला लागत होता. वीस वर्षं संसार केलेली बाई दुसऱ्याच्या डोक्याच्या मापाने माझी टोपी शिवत होती.

मग व्हिडिओ सुरू झाले. जो तो आपल्या मोबाईलवर नंदूचं वाजवणं लावायचा. किराणा दुकानात, सलूनमध्ये, एकदा तर एसटीत. लोक मला म्हणायचे, "दत्तूभाऊ, तुमच्या नंदूनं काल काय वाजवलं वो! लई भारी!" मी हसायचो, ओठ मिटून, दाताचं निमित्त होतंच. घरी आलो की तेच व्हिडिओ कानात वायर घालून पुन्हा पुन्हा ऐकायचो. कौतुकाने नाही. चूक सापडावी म्हणून. एका ठिकाणी त्याचा सूर चिरकला होता, तेवढा तुकडा मी किती वेळा ऐकला असेल ते सांगायची लाज वाटते. आणि एका व्हिडिओत त्याने क्लॅरिनेट वळवलं ते म्हाताऱ्या झांजवाल्याकडे. झांजवाल्याकडे! म्हातारा असा खुलला की लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मला हे कधी सुचलं नव्हतं आणि ते त्याला सुचलं, ह्याचा मला राग आला.

आणि हा नंदू रोज सकाळी यायचा. "दादा, दात कसा हाय?" सुपारीला निघताना पाया पडायचा. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दात तर बरा होत होता. आठ दिवसांत फोड बसला, पंधरा दिवसांत पूचा वास गेला. पेस्ट आत आपलं काम करत होती. बाहेर मी जळत होतो.

*

तिसऱ्या आठवड्यात कळलं की सावेडीत एका मोठ्या घरचं लग्न आहे आणि त्यांनी मालकांना सांगितलंय, "तो नवीन पोरगाच पुढं पाहिजे." नवीन पोरगा. पस्तीस वर्षांचा.

लग्नाच्या आदल्या दुपारी सुरेखा बचत गटात गेली होती. मी दार लावलं, पेटी उघडली, नवी पत्ती, म्हणजे फुंकायची वेताची पट्टी, ओली करून क्लॅरिनेटवर चढवली. मनात म्हटलं, दोन मिनिटं. नुसतं बघायचं, येतंय का.

आलं. पहिला सूर असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग मला राहवेना. नंदूचा चिरकलेला तुकडा होता ना, तो मी वाजवला. न चिरकता. दुसऱ्यांदा वाजवताना टोक दाताच्या मागे आपटलं आणि जिभेवर वाळूसारखं काहीतरी आलं. तात्पुरतं झाकण फुटलं होतं. जीभ लावली तर भोक.

त्याच वेळी मॅडमना फोन करायला हवा होता. पण फोन केला तर सुरेखाला कळणार, सुरेखाला कळलं की नंदूला कळणार, आणि नंदूला कळलं की दादा दार लावून त्याचा तुकडा वाजवत होता. ते मला मरणाहून वाईट वाटलं. तेवढ्यात कोनाड्यातली जुनी डबी दिसली. तंबाखू सोडून मला दोन वर्षं झाली होती, डबीत चुना मात्र होता. मॅडमनीच तर सांगितलं होतं, घराणं एकच. मी चुना पाण्याने भिजवला, काडीपेटीच्या काडीने भोकात दाबून भरला, वर मेणबत्तीचं मेण लावलं. आरशात पाहिलं तर मॅडमच्या कामासारखंच पांढरं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी टाळू भाजायला लागली. सकाळी तिथली कातडी पांढरी होऊन सुटत होती आणि नाकापासून ओठापर्यंत तोंड सुजून डोळा अर्धा मिटला होता. ताप होता. सुरेखाने सरळ नंदूला हाक मारली.

नंदू सावेडीच्या लग्नाला निघायच्या तयारीत होता. अंगात झालरीचा कोट, डोक्यावर माझी टोपी. माझं तोंड पाहिलं आणि तसाच मोटारसायकलला किक मारली.

"भाऊजी, तुमची सुपारी?"

"वाजवतील बाकीचे. बस दादा, मला धरून बस."

*

दवाखान्यात सगळे त्याच्याकडेच बघत होते. बँडच्या पोशाखातला माणूस दाताच्या डॉक्टरकडे कोण पाहणार? तो टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसला. आणि इथं मी एक गोष्ट कबूल करतो, जी आजवर सुरेखालाही सांगितली नाही. तापाने अंग फणफणत असताना माझ्या मनात आलं, आज सावेडीच्या लग्नात नंदू पुढे नाही. आणि मला बरं वाटलं.

मॅडमनी तोंडात उजेड टाकला. "हे काय भरलंय?"

"झाकण पडलं. मी..."

"काय भरलंय?"

"चुना."

त्या ओरडल्या नाहीत. हातातली वस्तू खाली ठेवली, हातमोजे काढले आणि स्टूल ओढून बसल्या.

"दत्तूभाऊ, माझी पेस्ट साफ केलेल्या मुळात, बंद दाराआड काम करते. तुम्ही दार उघडलंत, लाळ आत गेली, आणि डबीतला चुना हिरडीला, टाळूला लागून भाजलं. आता मला परत पहिल्यापासून करायचंय. दात राहील का, ते मी आज सांगणार नाही. झाकण पडलं कसं?"

"भाकरी खाताना."

"दाताच्या मागच्या बाजूला भाकरी?"

मग माझ्या तोंडून सगळं निघालं. सूज, ताप, भीती, सगळं एकदम. "वाजवत होतो मॅडम. धाकटा भाऊ माझी जागा घेऊन बसलाय. लोकांना तोच पाहिजे. मला बघवत न्हाई. मला लई जळाया होतं त्याच्यावर."

खोलीला अर्ध्या उंचीचं दार होतं. त्याच्या खालून मला बाकाशेजारी नंदूचे पांढरे बूट दिसत होते. ते हलले नाहीत.

मॅडमनी सगळं धुऊन काढलं, ताजी पेस्ट भरली, ह्या वेळी वर दोन थरांचं झाकण लावलं. गोळ्या दिल्या. बाहेर आलो तेव्हा नंदू उभा राहिला, माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन औषधं आणायला गेला.

परत येताना राहुरीच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली. एका दुकानातून गार ताक आणलं, माझ्या ओठांशी धरून म्हणाला, "हळू पी." मी प्यालो. मग तो रस्त्याकडे बघत बोलला.

"दादा, मी खोटं न्हाई बोलनार. मला म्होरं वाजवायला आवडतं. लई आवडतं. पर तुझा दात पडून मिळालेली जागा मला नको हाय."

मी म्हणालो, "सावेडीचं लग्न बुडवलंस."

"व्हय. मालकांचे धा फोन येऊन गेलेत," तो म्हणाला आणि हसला. मला हसता आलं नाही, ओठ हलत नव्हता.

*

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत आणि तेच खरे उपचाराचे दिवस. महिन्याने पेस्ट बदलली. मग आणखी सहा आठवडे. सुरेखा भाकरी कुस्करून द्यायची, क्लॅरिनेटची पेटी तिने तिच्या बहिणीकडे नेऊन ठेवली. चिडलो तर म्हणायची, "चुना आणू का?" ह्या एका वाक्याने ती मला उन्हाळ्यापर्यंत गप्प ठेवत होती.

दर वेळी मॅडम नवा फोटो जुन्या फोटोशेजारी लावायच्या. पहिल्या वेळी काळा डाग तेवढाच. दुसऱ्या वेळी तेवढाच वाटला, पण त्या म्हणाल्या कडा धूसर झाल्यात. मला काही दिसलं नाही, तरी एसटीत मी सुरेखाला "कडा धूसर झाल्या" असं चारदा सांगितलं. तिसऱ्या वेळी मलाच दिसलं. डाळीची कणी झाली होती.

नंदूवरचं जळणं मात्र गेलं नाही. तो सकाळी यायचा, मी त्याला आतला सूर कसा धरायचा ते सांगायचो, आणि त्याला ते पहिल्याच झटक्यात जमलं की मी लगेच दुसराच विषय काढायचो. फरक एवढाच, की आता तो चिरकलेला तुकडा मी मोबाईलमधून काढून टाकला होता.

मग एके दिवशी मॅडमनी पेस्ट धुऊन काढली आणि परत घातली नाही. मूळ कायमचं बंद केलं. वर दाताच्या रंगाचं टोपण बसवलं. "पंधरा दिवसांनी वाजवा," त्या म्हणाल्या. "आधी रोज पाच मिनिटं. काही झालं तर मला फोन करा, डबीला हात लावू नका."

*

माझी पहिली सुपारी कोल्हारची होती. सकाळी सुरेखाने पेटी आणली आणि नंदू टोपी घेऊन आला. मी टोपी डोक्यावर ठेवली, ती घट्ट झाली. आतली चूण.

"कात्री दे," मी सुरेखाला म्हणालो.

"कात्री कशाला? वढा दोरा."

मी दोऱ्याचं टोक धरून ओढलं. सगळी शिवण एका झटक्यात सर्रकन सुटून आली. त्याला गाठच नव्हती.

"भाऊजींनीच सांगितलं हुतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. गाठ मारू नका, दादाला लगीच उसवता आली पायजे."

नंदू तोवर टेम्पोकडे निघून गेला होता.

टोपी त्याला परत द्यावी, असं माझ्या मनात आलं. दिली नाही. तेवढ्या मोठ्या मनाचा मी नाही, हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे कोणी गैरसमज करून घेऊ नये. दुपारी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला आणि मी पुढे उभा राहिलो. दातावर टोक टेकवलं. जोर दिला. दात बसून राहिला. पहिलं कडवं वाजवलं, लोक नाचायला लागले, मालकांनी लांबून अंगठा दाखवला. पुढच्या कडव्यात लांब श्वास लागतो. मला तो पुरला असता, थोडी ओढाताण झाली असती, पण पुरला असता.

मी उजवीकडे वळलो आणि क्लॅरिनेटचं तोंड नंदूकडे केलं.

सगळा बँड थांबला. नंदू वाजवेना. पंधरा वर्षांत हे कधी झालंच नव्हतं, त्याला कळणार कसं? त्याचा चेहरा उतरला, रांग सोडून तो धावत माझ्याजवळ आला आणि माझा दंड धरून म्हणाला, "दादा, दुखायला लागला का? थांब, गाडी काढतो."

मी मान हलवली. नवरदेव घोड्यावरून वाकून आमच्याकडे बघत होता.

"न्हाई दुखत," मी म्हणालो. "वाजव."